क्लीनर फाइल ओळखत नाही, तिचा पत्ता ओळखतो

प्रश्न थोडक्यात असा. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात विंडोजची पाच मशीन आहेत. दर शनिवारी सगळ्यांवर क्लीनर, म्हणजे नको असलेल्या फाइली पुसणारं सॉफ्टवेअर, चालवला जातो. साडेतीन-चार जीबी कचरा निघाल्याचं तो दाखवतो आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेवढाच निघतो. मध्यंतरी एका अशिलाची दुरुस्त केलेली एक्सेल शीट या सफाईत गेली, ती रिसायकल बिनमध्येही सापडली नाही. तर कचरा कोणता हे सॉफ्टवेअर ठरवतं कसं, चांगली शीट त्यात कशी गेली, आणि या सगळ्यानं मशीन फास्ट होतं का?

शीटचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातून उलगडतं. क्लीनर कोणतीही फाइल उघडून आत काय आहे ते बघत नाही. त्याच्याकडे फक्त एक यादी असते: अमुक फोल्डरमधल्या, अमुक नावाच्या, इतक्या दिवसांपेक्षा जुन्या फाइली उडवायच्या. घंटागाडीवाला कोपऱ्यावरची पिशवी उघडून बघत नाही. तिथे ठेवली म्हणजे कचऱ्याचीच. तुमची शीट अशाच एका कोपऱ्यावर होती. ती तिथे कुणी नेऊन ठेवली नव्हती, पण वाटा ठरलेल्या आहेत.

पहिली वाट झिपची. आयकर खात्याची एक्सेल युटिलिटी झिपमध्येच येते, अशीलही झिप करूनच फाइली पाठवतात. झिप वेगळी न उलगडता तिच्या आतल्या शीटवर सरळ डबल क्लिक केलं, की विंडोज त्या शीटची एक प्रत टेम्प फोल्डरात, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या जागेत, काढतं आणि एक्सेल ती प्रत उघडतो. मग एक्सेल म्हणतो ही रीड-ओन्ली आहे, माणूस ‘सेव्ह ॲज’ करतो, समोर जो फोल्डर येईल तिथेच नाव बदलून ठोकून देतो. तो फोल्डर टेम्पच्या पोटातला असू शकतो. दुसरी वाट आउटलुकची. मेलमधली अटॅचमेंट थेट उघडली, की तिची प्रत आयनेटकॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात जाते आणि ‘सेव्ह ॲज’ची चौकट अनेकदा तिथेच उघडते. तिसरी वाट आता जवळजवळ बंद झाली आहे: फायरफॉक्समध्ये ‘डाउनलोड न करता उघडा’ निवडलं तर फाइल टेम्पमध्ये जायची. २०२२ साली आलेल्या ९८व्या आवृत्तीपासून ती सरळ डाउनलोड्समध्ये जाते.

यातली खरी गोम पुढे आहे. एक्सेलच्या ‘रीसंट’ यादीत ती शीट दिसत राहते. सोमवारी केलेलं काम मंगळवारी त्याच यादीतून उघडतं, बुधवारीही उघडतं. फाइल नेमकी कुठे आहे हा प्रश्न कुणाला पडतच नाही. शनिवारी सफाई होते आणि सोमवारी एक्सेल म्हणतो, फाइल सापडत नाही. म्हणून रीसंट यादीत नावाखाली जो बारीक अक्षरांत पत्ता असतो तो प्रत्येक मशीनवर एकदा वाचून काढा. पत्त्यात ‘टेम्प’ किंवा ‘आयनेटकॅश’ दिसलं, की ती शीट तिथून उचलून अशिलाच्या फोल्डरात टाका. याला पाच मिनिटं लागतात, आणि क्लीनरच्या कुठल्याही सेटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त आहे.

आता टेम्पकडे. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत टेम्प लिहून दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह द्या आणि एंटर मारा. उघडतो तो तुमच्या युजरचा टेम्प फोल्डर. तो ॲपडेटाच्या आत लोकलमध्ये असतो, एरवी दिसत नाही. याशिवाय खुद्द विंडोज फोल्डरात आणखी एक टेम्प असतो, तो सिस्टिमच्या आणि सर्व्हिसेसच्या, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या, वापराचा. आत कुणाचं काय असतं? एखादा सेटअप चालवला की तो आधी इथे उलगडतो आणि मग इन्स्टॉल होतो. फोटो एडिट करणारं सॉफ्टवेअर मेमरीत न मावणारा भाग इथे टाकतं. कुणी इथे लॉग, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदी, लिहितं, कुणी अपडेट उतरवून ठेवतं.

नियम असा आहे, की ज्यानं फाइल बनवली त्यानंच ती काम झाल्यावर पुसावी. विंडोजमध्ये तशी सोयही आहे. फाइल बनवतानाच ‘बंद होताच पुसून टाक’ असं सिस्टिमला सांगता येतं, मग प्रोग्राम अर्ध्यात कोसळला तरी विंडोज ती फाइल काढून टाकतं. नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर ही सोय वापरतं. पण सगळेच कुठे नीट लिहिलेले असतात? बरेच प्रोग्राम ‘शेवटी पुसू’ असं ठरवून फाइल बनवतात आणि तो शेवट येतच नाही, कारण मधेच प्रोग्राम हँग होतो, टास्क मॅनेजरमधून मारला जातो किंवा लाइट जाते. पुढच्या वेळी तो नव्या नावाची फाइल बनवतो, जुनीकडे ढुंकूनही बघत नाही.

या नावांची एक गंमत आहे आणि तिचा त्रासही होतो. विंडोजमध्ये टेम्प फाइलीला नाव देणारी जुनी ठरलेली पद्धत आहे: पुढे प्रोग्रामनं दिलेली तीन अक्षरं आणि मागे सोळा अंकचिन्हांच्या (हेक्स) मोजणीतले जास्तीत जास्त चार अंक. म्हणजे एका फोल्डरात एका तीन अक्षरी सुरुवातीची ६५,५३५च नावं होऊ शकतात. एखादी सर्व्हिस वर्षानुवर्षं फाइली बनवत राहिली आणि पुसल्याच नाहीत, तर एक दिवस नावं संपतात. डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असले तरी त्या प्रोग्रामला नवी टेम्प फाइल बनवता येत नाही आणि तो भलतीच एरर देतो. प्रिंट निघत नाही, रिपोर्ट उघडत नाही, आणि लोक प्रिंटरच्या वायरी तपासत बसतात. अशा वेळी टेम्प रिकामा करणं हा खरोखरचा इलाज असतो. नावं संपत आली, की नवी शोधण्यातच प्रोग्रामचा वेळ जातो, म्हणून संपण्याआधीच तो रेंगाळायलाही लागतो.

क्लीनरची यादी येते कुठून? विंडोजचं स्वतःचं ‘डिस्क क्लीनअप’ विंडोज ९८ पासून आहे. त्याच्या खिडकीत दिसणारा प्रत्येक चौकोन म्हणजे रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, एक नोंद असते आणि प्रत्येक नोंदीमागे ते काम करणारा वेगळा छोटा प्रोग्राम. बाहेरचं सॉफ्टवेअरही आपली नोंद तिथे घालू शकतं. टेम्प फाइलींसाठी त्याची मूळ अट सात दिवसांची आहे, आठवड्याच्या आतल्या फाइलीला त्यानं हात लावायचा नाही. सीक्लीनर या बाहेरच्या क्लीनरमध्ये अशीच २४ तासांची अट आहे, पण तो टिकचा चौकोन आहे, म्हणजे काढता येतो. ब्लीचबिट हा दुसरा क्लीनर मुक्त सॉफ्टवेअर असल्यानं त्याचे नियम साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये उघडून वाचता येतात. कुतूहल असेल तर एकदा वाचा. आत बुद्धिमत्ता वगैरे काही नाही. या ब्राउझरचा कॅश या फोल्डरात असतो, तो पुसा. या प्रोग्रामचे लॉग तिथे असतात, ते पुसा. संपलं. प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीत फोल्डर बदलला, की नियम शिळा होतो, आणि कुणी तो सुधारेपर्यंत एक तर कचरा तसाच राहतो, नाहीतर नको तिथे हात पडतो.

वयाची अट ऐकायला भक्कम वाटते. पण वय कुठल्या तारखेवरून मोजायचं? फाइलीवर तीन तारखा असतात: बनल्याची, बदलल्याची आणि शेवटची उघडल्याची. शेवटची उघडल्याची वेळ नोंदवत राहणं म्हणजे डिस्कवर उगाच लिहीत राहणं, म्हणून व्हिस्टापासून विंडोजनं ती नोंद मुळात बंदच ठेवली होती. पुढे विंडोज १० मध्ये ती काही मशीनवर चालू, काहींवर बंद अशी झाली. म्हणजे तुम्ही शीट रोज उघडून नुसती वाचत असाल, तर ती वापरात आहे हे क्लीनरला कळेलच असं नाही. आणि ‘बदलल्याची’ तारीख झिपच्या बाबतीत साफ फसवते. झिपमधून आज काढलेल्या फाइलीवर बदलल्याची तारीख झिप करण्याआधीची, म्हणजे कदाचित दोन वर्षांपूर्वीची असते. नुसती ती तारीख बघणाऱ्या क्लीनरला दहा मिनिटांपूर्वी उलगडलेली फाइलही जुनाट वाटते. लिनक्समध्ये सिस्टमडी या सिस्टिम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची सफाई याबाबतीत शहाणी आहे. ती सगळ्या तारखा बघते, त्यातली एक जरी ताजी असली तरी फाइलीला हात लावत नाही. तिची मूळ मुदत मुख्य टेम्पसाठी १० दिवस आणि दुसऱ्या, जास्त टिकाऊ टेम्पसाठी ३० दिवस.

‘ॲनलाइझ’ दाबल्यावर होतं ते इतकंच: क्लीनर यादीतले फोल्डर चालत जातो, अटीत बसणाऱ्या फाइलींची साइज बेरीज करतो आणि आकडा दाखवतो. मग ‘क्लीन’ दाबलं, की तो एकेक फाइल पुसायला सिस्टिमला सांगतो. इथे बऱ्याच फाइली नकार देतात. विंडोजमध्ये एखाद्या प्रोग्रामनं फाइल उघडून ठेवली असेल आणि इतरांना पुसायची मुभा दिली नसेल, तर ती पुसताच येत नाही. चांगला क्लीनर अशी फाइल सोडून पुढे जातो. म्हणून आधी दाखवलेला आकडा आणि प्रत्यक्षात मोकळी झालेली जागा जुळत नाही. ब्राउझर उघडा ठेवून सफाई केली तर फरक आणखी वाढतो. लिनक्सवाल्यांना याचं नवल वाटेल, कारण तिथे उघडी फाइलही पुसता येते. नाव लगेच जातं, पण ती धरून बसलेला शेवटचा प्रोग्राम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही.

कुलूपबंद फाइलीसाठी विंडोजमध्ये आणखी एक सोय आहे: ‘पुढच्या वेळी चालू होताना पूस’ अशी नोंद रजिस्ट्रीत करून ठेवता येते. मशीन चालू होताना, बाकी प्रोग्राम जागे व्हायच्या आधी ही यादी निपटली जाते. हीच यादी इन्स्टॉलरही वापरतात. वापरात असलेली जुनी फाइल काढून नवी बसवायची असेल तर ते काम ते रीस्टार्टवर ढकलतात, आणि ती नवी फाइल कधी कधी टेम्पमध्येच वाट बघत असते. म्हणून ‘इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट करा’ अशी सूचना आल्यावर मधल्या वेळात टेम्प साफ करू नका. आधी रीस्टार्ट, मग सफाई. २४ तासांची अट काढू नये त्याचं कारणही हेच.

रिसायकल बिनमध्ये शीट का नव्हती? कारण रिसायकल बिन ही एक्सप्लोररनं दिलेली सवलत आहे. तुम्ही माऊसनं डिलीट करता तेव्हा फाइल खरं तर पुसली जात नाही, दुसऱ्या फोल्डरात हलते. क्लीनर ती पायरी घेत नाही, सिस्टिमला थेट पुसायला सांगतो. घेतली असती तर जागा मोकळी झालीच नसती.

आणि ‘पुसणं’ म्हणजे तरी काय? विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलीची एक नोंद एका मोठ्या तक्त्यात असते, साधारण एक केबीची. फाइल पुसली की त्या नोंदीवर ‘आता वापरात नाही’ अशी खूण होते आणि तिनं व्यापलेले तुकडे दुसऱ्या एका नकाशात मोकळे म्हणून दाखवले जातात. मजकुराला कुणी हात लावत नाही. चार जीबी काही सेकंदांत ‘साफ’ होतात ते यामुळेच. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच राहतो. म्हणून मशीनमध्ये अशी डिस्क असेल आणि शीट अजून हवी असेल, तर त्या मशीनवर काम थांबवा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि फोटोरेकसारखं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तिथून चालवा. सापडलेलं त्याच डिस्कवर सेव्ह करू नका. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर फारशी आशा ठेवू नका. विंडोज ७ पासून, फाइल पुसली की सिस्टिम एसएसडीला ट्रिमचा निरोप देते, म्हणजे ‘हे तुकडे आता नकोत’, आणि एसएसडी ते आतून रिकामे करून टाकते. मग मेलमधून मूळ शीट पुन्हा काढून काम परत करणं हाच मार्ग उरतो.

याच्या उलट टोकाला काही क्लीनरमध्ये ‘सुरक्षित पुसणं’ असतं: जागेवर एकदा, तीनदा, सातदा, थेट ३५ वेळा लिहायचं. हे ३५ वेळांचं प्रकरण पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आलं. तेव्हाच्या वेगवेगळ्या प्रकारच्या डिस्कसाठी मिळून त्यांनी ते सांगितलं होतं. आजच्या डिस्कला सगळे ३५ फेरे लावण्यात अर्थ नाही, असं पुढे त्यांनीच स्पष्ट केलं. एसएसडीवर तर लिहिलेलं त्याच जागी पडेल याचीही हमी नसते, त्यामुळे तो खटाटोप म्हणजे डिस्कचं आयुष्य खाणं. ती टिक काढून टाका.

दर शनिवारी तेवढेच जीबी कसे निघतात? त्यातला मोठा भाग टेम्पचा नसतोच, ब्राउझरच्या कॅशचा असतो. कॅश म्हणजे पोर्टलची चित्रं, बटणं, स्क्रिप्ट्स पुन्हा पुन्हा उतरवाव्या लागू नयेत म्हणून जपलेला साठा. शनिवारी तुम्ही तो फेकता, सोमवारी तीच पानं उघडता, तोच साठा पुन्हा उतरतो. ऑफिस मोबाइल हॉटस्पॉटवर चालत असेल तर त्याचे पैसेही तुम्हीच देता. फोटोंच्या थंबनेलचं तसंच. लग्नाचे फोटो करणाऱ्या स्टुडिओत ते उडवले, तर पुढच्या वेळी फोल्डर उघडताना प्रत्येक फोटोचं छोटं चित्र पुन्हा बनेपर्यंत ताटकळावं लागतं. प्रीफेच नावाचा फोल्डर तर प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणूनच विंडोज ठेवतं. तो ‘साफ’ करून मशीन फास्ट करायचं, याला काय म्हणावं!

वेगाबद्दल माझं स्पष्ट मत: सी ड्राइव्ह गच्च भरला असेल, दोन-चार जीबीच उरले असतील, तर सफाईनं फरक पडतो, कारण अपडेट्सना आणि पेजफाइलला, म्हणजे मेमरीत न मावणारं ठेवायच्या डिस्कवरच्या फाइलीला, जागा मिळते. शंभर जीबी मोकळे असताना आणखी चार मोकळे केले, तर वेगात काडीचा फरक पडत नाही. मशीन संथ आहे ते बहुधा चार जीबी रॅममुळे, जुन्या फिरत्या डिस्कमुळे किंवा चालू होतानाच जागं होणाऱ्या डझनभर प्रोग्राममुळे. रजिस्ट्री क्लीनरवर तर वेळही घालवू नका. शेकडो ‘एरर’ लाल अक्षरांत दाखवणं हा त्यांचा धंदा आहे. त्या नोंदी बहुतेक निरुपद्रवी असतात आणि काढून मिळतात काही केबी. मायक्रोसॉफ्ट अशा क्लीनरना पाठिंबा देत नाही, आणि रजिस्ट्रीतली नको ती नोंद गेली तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येते.

या सॉफ्टवेअरला ॲडमिनचे हक्क लागतात, हेही लक्षात असू द्या. ते बिघडलं तर सगळ्या मशीनवर बिघडतं. २०१७ मध्ये ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सीक्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच हल्लेखोरांनी घुसवलेला कोड होता. तो ५.३३ आवृत्तीतून सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांच्या मशीनवर पोचला. कंपनीच्या स्वतःच्या डिजिटल सहीसकट. तेव्हा हे साधन लागतंच का, हा प्रश्न आधी विचारावा.

तुमच्यासारख्या ऑफिसात माझ्या मते लागत नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘स्टोरेज सेन्स’ आहे. तो २०१७ पासून आहे, आणि डिस्क क्लीनअप आता अधिकृतपणे मागे पडलं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज. तिथे महिन्यातून एकदा चालेल असं ठेवा, रिसायकल बिन ३० दिवसांवर ठेवा. जागा तातडीनं हवी असेल तर तिथल्याच ‘टेम्पररी फाइल्स’वर जाऊन हातानं करा, पण यादी वरपासून खालपर्यंत वाचून. त्यात ‘डाउनलोड्स’ हाही एक चौकोन असतो. विंडोज १०च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीत तो डिस्क क्लीनअपमध्येही घातला होता. जुन्या सवयीनं सगळ्या टिका लावणाऱ्यांनी आपले उतरवलेले चलन आणि फॉर्म १६ त्यात घालवले, मग २०२० मध्ये तिथून तो काढला. ‘आधीचं विंडोज’ असा मोठा आकडा दिसला आणि अपग्रेड नुकतंच झालं असेल तर राहू द्या, परत मागे जायचं झालं तर तेच लागतं. दहा दिवसांनी ते आपोआप जातं. आणि विंडोज फोल्डरमधले विनएसएक्सएस किंवा इन्स्टॉलर हे फोल्डर कितीही फुगलेले दिसले तरी हातानं रिकामे करू नका. पहिल्याचा आकडा फसवा असतो, त्यातल्या बऱ्याच फाइली दोन ठिकाणी दिसतात पण जागा एकदाच घेतात. दुसऱ्यातलं काही गेलं तर ऑफिससारखं सॉफ्टवेअर ना दुरुस्त होतं ना काढता येतं. स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्ससमोर ‘कधीच नाही’ हा पर्याय मुळात निवडलेला असतो. पाचही मशीनवर तो तसाच आहे ना, तेवढं बघून घ्या.